पूर्वार्ध माझ्याकडे

माघ शु. ५
पोथीचा आज सतरावा दिवस. स्नान, संध्या, एक अध्याय, मग कचेरी. नववा झाला की पुन्हा पहिला, कारण दहावा माझ्याकडे नाही. रोज वाचलं की चित्त स्थिर होतं म्हणे. कुठं होतं? ओठांवर ओव्या, डोळ्यांपुढे कचेरीतले गठ्ठे. उठलो तो ताकात मीठ नाही म्हणून सौ.वर खेकसलो. म्हणाली, "पोथी वाचून उठलात की भांडून?" मी आणखी खेकसलो.

माघ शु. ६
वडिलांचं अक्षर काय सुंदर! सुटी पानं, लाल फडक्यात. ते गेल्यावर दादाची न् माझी वाटणी झाली. भांडी, पाट, सगळं निम्मं. पोथी उरली. पंच म्हणाले, थोरल्याकडे राहू द्या. मीच हटून बसलो, निम्मं म्हणजे निम्मं, फडकंसुद्धा! पूर्वार्ध ठाण्याला माझ्याबरोबर आला, उत्तरार्ध कल्याणला दादाकडे राहिला. चार वर्षं झाली. बोलणं नाही. छापील प्रत बाजारात मिळते, घ्यावीशी वाटत नाही.

माघ शु. १०
दादा आला होता.
मी चौथ्या अध्यायात. ओसरीवर कुणीसं खाकरलं. वडिलांचा दंडक, अध्याय टाकून उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. वाचत राहिलो. सौ. दोनदा दारात येऊन खुणा करून गेली. उठलो तेव्हा ओसरी रिकामी.
सौ. डोळे पुसत, "पाणीसुद्धा घेतलं नाही भावोजींनी. काखेत लाल फडकं होतं. 'वाचू दे त्याला' म्हणाले नि भिंत धरत धरत पायऱ्या उतरले."
भिंत धरत कशाला?

माघ शु. ११
बसलो, एकच ओळ चारदा. उठलो. तळ्यापर्यंत जाऊन आलो. पुन्हा बसलो.
खोटं कशाला लिहू, इथं कोण वाचणार आहे! खाकरणं पहिल्यांदाच ओळखलं होतं. चौथा लहान आहे, एरवी केव्हाच होतो. काल मुद्दाम सावकाश वाचला. बसू दे म्हटलं जरा. दंडक वडिलांचा, खोड माझी.

माघ शु. १३
सौ. दोन दिवस ताटं आदळतेय. आज वाढताना बोलली, "मन का लागत नाही म्हणून पोथीला काय विचारता? कल्याणची गाडी केव्हा सुटते ते कुणाला तरी विचारा."
जावं? तोंडावर दार लावलंन् तर? चारचौघांत शोभा. मोठा आलाय मानाचा मी! रजेचा अर्ज लिहिला, फाडला, लिहिला.

पौर्णिमा
रजा मिळाली, दोन दिवस. उद्याच जातो. परवा म्हटलं की माझं मन पुन्हा फिरेल.

माघ व. १, कल्याण
वहिनी दारात. "या," एवढंच. दादा देवघरात पोथीला बसलेला. म्हणजे आता मी ओसरीवर! बरी जिरली.
बसलो. उघड्या दारातून दिसत होता. आवाज खणखणीत, थेट वडील. तेरावा चालला होता. हातातलं पान मात्र उलटं.
वहिनी हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून अक्षर दिसत नाही. पाठ आहे म्हणून चालतंय. पण हल्ली मधलं मधलं विसरतात. म्हणून तर आले होते तुमच्याकडे. बरोबर कुणाला येऊ दिलं नाही. 'धाकटा वाचील, मी ऐकेन' म्हणत होते."
तेवढ्यात तो अडला. मागची ओवी पुन्हा म्हणाला, पुन्हा तिथंच अडला. पाय आपोआप आत गेले. त्याच्या हातातलं पान सुलट केलं, पुढची ओवी वाचली. घाईघाईनं, आवाज माझाच मला ओळखू येईना.
कोण म्हणून विचारलंन् नाही. पान सोडलंन्. तोंड भिंतीकडे.
"सावकाश वाच," म्हणाला. "त्या दिवशी वाचत होतास तसं."
रागानं म्हणाला की कसं, कळलं नाही. वाचला. अध्याय संपल्यावर तो उठला, भिंत धरत जेवायला गेला. पानं माझ्यापुढेच राहिली.
अजून पाच अध्याय आहेत. रजा उद्यापुरतीच.