निघालीय ती

४ मार्च

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि मागे तुझा मिक्सर सुरू होतो. शिवाय बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी दारात येतं. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

आमचा चित्रपट महोत्सव चार दिवसांवर आलाय आणि मी पार पिळून निघालेय. यंदाही पाहुण्यांची सरबराई माझ्याच गळ्यात पडलीय. कुणाला कुठल्या खोलीत उतरवायचं, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, कोण पहाटे चहा मागतो, सगळं मीच बघायचं. दोघेजण तर आतापासूनच येऊन थडकलेत. प्रकाशयोजनेवर व्याख्यान द्यायला एक छायालेखक आलेत, ते खोलीतली ट्यूब सहन होत नाही म्हणून दिवसभर अंधारात बसून असतात. एक तरुण दिग्दर्शक स्टेशनवरून फक्त कॅमेऱ्याची पेटी घेऊन उतरला, कपड्यांची बॅग गाडीतच राहिली. आता तो तुझ्या मेहुण्यांच्या शर्टात फिरतोय. हे म्हणतात, पोरगा माझ्यापेक्षा बरा दिसतो, शर्ट परत मागू नकोस.

आणि सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे आपला धाकटा. हसू नकोस. पत्रिकेवर त्याच्या नावामागे 'निमंत्रित दिग्दर्शक' असं छापलंय. मी फोन करून विचारलं, "साहेबांना उशी एक लागेल की दोन?" तर म्हणाला, "मधले, मी घरीच झोपणार आहे, गप बस."

सिनेमा बाबांवर आहे हे तुला माहीत आहेच. शिवणयंत्रांची दुरुस्ती, दुकानातला तो तेलकट बाक, बाबा मान खाली घालून स्क्रू फिरवतायत आणि बोलतायत. मी अजून पाहिलेला नाही, धाकटा दाखवायलाच तयार नाही. त्याने दोन प्रती पाठवल्यात. एक जुनी, ती त्याने परदेशातल्या कुठल्या तरी निवड समितीला दाखवली होती, तिला खाली इंग्रजी भाषांतराची अक्षरं आहेत. दुसरी नवी, शेवटचा हात फिरवलेली, पण अक्षरं घालायला त्याला वेळ मिळाला नाही. म्हणाला, "नवीच लाव. जुनीत आवाज धड नाही." मी म्हटलं, बरं.

बाबांनी नवीन शर्ट शिवून घेतलाय. स्वतःच माप सांगितलं आणि मग शिंप्याला त्याचं मशीन कसं खडखडतंय तेही सुनावून आले. रोज विचारतात, "किती माणसं येतील?" परवा मात्र वेगळंच विचारलं. "थोरलीला कळवलंस का?" मी म्हटलं, कळवते. तर लगेच वर्तमानपत्र उचललं, तेही उलटं.

ताई, ये ना. आई गेल्यापासून तू या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस. तुझं म्हणणं मला पाठ आहे: 'मला वेळेवर का बोलावलं नाही, एवढं बाबांनी सांगावं, मग येते.' आणि बाबांचंही मला पाठ आहे: 'वेळच मिळाला नाही, झोपेत गेली.' तुम्हा दोघांच्या मधे मी वर्षानुवर्षं निरोप्यासारखी उभी आहे. तेव्हा मी सासरी बाळंतपणात अडकले होते आणि धाकटा शूटिंगला बाहेरगावी. घरात फक्त ते दोघं होते. बाबा म्हणतात त्यापेक्षा जास्त मला काही माहीत नाही.

पाहुण्यांच्या रांगेत तुझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवतेय.

तुझी,
मधली


११ मार्च

ताई,

तू आली नाहीस. बरं झालं की वाईट झालं, मला अजून ठरवता येत नाहीये.

आधी बाकीचं सांगते. महोत्सव छान झाला म्हणायचा. छायालेखक व्याख्यानाला उभे राहिले आणि नेमके सभागृहातले दिवे गेले. लोक हसले, पण ते तसेच काळोखात बोलत राहिले आणि फार सुंदर बोलले. गणिताचे निवृत्त सर यंदाही प्रत्येक सिनेमानंतर सगळ्यांत आधी उठले. "माझा प्रश्न नाही, एक निवेदन आहे," म्हणाले, की माईक पुन्हा हाती लागायचा नाही. बॅग हरवलेल्या पोराला बक्षीस मिळालं, ते त्याने यांच्याच शर्टात घेतलं.

मी लांबण लावतेय, तुला कळलं असेलच.

महोत्सवाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून एक परदेशी बाई आल्या होत्या, मोठ्या दिग्दर्शिका. आमच्याकडची पद्धत अशी की सिनेमा संपला की दिग्दर्शक मंचावरच्या लाकडी खुर्चीत बसतो, प्रमुख पाहुणे बोलतात, मग लोक प्रश्न विचारतात. भाषेची अडचण असली की मागे माईक घेऊन मी उभी. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. इतकी वर्षं हेच करतेय.

धाकट्याचा सिनेमा दुपारी होता. सकाळी त्या बाई चहा पिताना मला म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या सिनेमावर मी बोलणार आहे, पण मला कळेल ना?" ताई, पाहुण्याला कळलं नाही तर माझं काम काय? धाकटा दुसऱ्या सभागृहात चर्चेला बसला होता, फोन बंद. ऑपरेटर काकांनी विचारलं, "कुठली लावू?" मी म्हटलं, "अक्षरं आहेत ती लावा, आवाज थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल."

मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

सभागृह भरलं होतं. बाबा नव्या शर्टात माझ्या उजव्या हाताला, पलीकडे मावशी, आणि डावीकडे तुझी खुर्ची, त्यावर मी माझी पर्स ठेवली होती. आवाजात काही खोट नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. लोक हसत होते, बाबा गिऱ्हाइकांच्या नकला करतात ना, तिथे तर टाळ्या पडल्या. बाबा गुडघ्यावर ताल धरून बसले होते. इतकं खूश मी त्यांना आई असतानाच पाहिलेलं.

मग पडद्यावर ते एक जुनं मशीन उघडतात. तेल घालतात, चाक फिरवून बघतात. आणि वर न बघता बोलायला लागतात. मी शब्द न् शब्द लिहिते. यात माझं काही घालत नाही आणि काही गाळत नाही.

"ती म्हणायची, थोरलीला बोलवा. मी म्हणायचो, केलाय फोन, निघालीय ती. केलाच नव्हता. थोरली आली असती तर तिला पुन्हा हॉस्पिटलात घेऊन गेली असती. पुन्हा नळ्या, पुन्हा सुया. तिथेच गेली असती मग, काचेपलीकडे. मला ती घरात हवी होती. फाटक वाजलं की ती दाराकडे बघायची. दूधवाला असायचा, नाहीतर वारा. मग मलाच समजवायची, अहो, गाडी उशिरा असेल. शेवटपर्यंत तेच. गाडी उशिरा असेल."

मग ते चाक पुन्हा फिरवतात आणि म्हणतात, "हं, आता चालेल."

ताई, मी उठले. कुठे जाणार होते कोण जाणे, पण उठले. बाबांनी माझं मनगट धरलं. "बस," म्हणाले. "मागच्यांना दिसत नाही."

हा प्रसंग सुरू असतानाच धाकटा बाजूच्या दाराने आत आला होता. पडदा बघून तो जिन्याने ऑपरेटरच्या खोलीकडे धावला. पण शो सुरू झाला की काका आतून कडी लावून घेतात, ही त्यांची जुनी शिस्त. आवाज कमी करा म्हणून लोक दार वाजवत असतात, त्यांना ते दाद देत नाहीत. त्याने दार बडव बडव बडवलं. काकांनी आतून ओरडून सांगितलं, "आवाज आहे तेवढाच राहील!" आणि प्रसंग संपून गेला.

मागाहून धाकट्याकडून कळलं. चित्रीकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला सांगितलं होतं, तेवढं काढ. त्याने काढलं, पण नव्या प्रतीतून; परदेशात कुणाला काय कळणार म्हणून जुनीत तसंच ठेवलं होतं. मला कळू नये म्हणून आवाजाचं निमित्त सांगितलं. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. दोघांनाही एकमेकांची चूक दाखवता येत नाही.

पण याहून वाईट पुढे आहे.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. धाकटा लाकडी खुर्चीत बसला, चेहऱ्यावर रंग नाही. परदेशी बाई उभ्या राहिल्या आणि नेमक्या त्याच प्रसंगाबद्दल बोलल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना काय माहीत? मग त्या बाबांकडे वळल्या आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं, कारण तो बाबांना सांगायचा होता मी.

मला खोटं भाषांतर करता आलं असतं. तेल कुठलं वापरता, असं काहीतरी. पण निम्म्या सभागृहाला इंग्रजी कळतं. आणि माझं डोकंच चालेना, ताई. माईक तोंडापाशी होता आणि सवयीने शब्द बाहेर पडले. "त्या विचारतायत, त्या मुलीला हे पुढे कधी कळलं का?"

बाबा उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला. माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कुणी दुसरीच होते. मग म्हणाले, "नाही. तेवढी एकच राहिली."

आणि हेही मीच इंग्रजीत सांगितलं, मोठ्याने, माईकवरून.

गणिताचे सर उठले, माईक घेतला आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत देऊन खाली बसले.

मावशीने मला बाहेर गाठलं. "मी काही थोरलीला फोन करणार नाही हो," म्हणाली, म्हणजे करणारच. एक-दोघांनी फोनवर चित्रणही केलंय म्हणे. म्हणून हे पत्र. तुला ते कुणा तिऱ्हाइताकडून कळू नये. मी तुला फोन लावला होता, काल. तू "हं, बोल" म्हणालीस आणि मी तुला तिकडचं हवामान विचारलं.

तू काय करावंस हे सांगणारी मी कोण? बाबांचा मला राग येतो. आई फाटकाकडे बघत पडली होती हे मनात आलं की त्यांच्या समोर बसवत नाही. आणि ते ताटावरून अर्धपोटी उठले की तोही राग टिकत नाही. रागावर ठाम राहायलाही अंगात बळ लागतं, ते माझ्यात नाही.

पत्र पाकिटात घालतेय.


१३ मार्च

ताई, पाकीट फाडून पुन्हा लिहितेय. पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. दोनदा टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. मावशीने अजून फोन केला नसेल तर नशीब.

बाबा दुकानात जात नाहीत. पुढच्या खोलीत खुर्ची दाराकडे तोंड करून टाकलीय. फाटक वाजलं की मान वर होते. मग माझ्याकडे बघून म्हणतात, "वारा असेल."

आज सकाळी चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "थोरलीला लिहिलंस?"

"लिहिलं."

"सगळं?"

"सगळं."

"पोचलं असेल?"

मी म्हटलं, "पोचलं, बाबा."

त्यांनी कप उचलला. "काय म्हणाली?"

ताई, मी शपथेवर सांगते, मी ठरवून बोलले नाही. त्यांचा चहा बशीत सांडत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "निघालीय ती."

ऐकलं आणि बाबांनी मान वर केली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला नजर वळवावी लागली. हे शब्द कुठले, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर रडतील.

"बरं," म्हणाले. चहा संपवला. मग उठून तुझ्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढला, मागचं जळमट काढलं आणि मला म्हणाले, "चादर दे एखादी. गाडी उशिरा असेल, पण तयारी असलेली बरी."

आता तो पलंग घातलेला आहे आणि बाबा दाराकडे तोंड करून बसलेत. मी हे स्वयंपाकघरात उभ्याने लिहितेय. लिहून झालं की चपला घालून तडक पेटीत टाकणार आहे, घरी परत आणणार नाही.

उत्तर लिहू नकोस, ताई. भांडायला ये, जाब विचारायला ये, उंबऱ्यातूनच परत फिरायचं असलं तरी ये. पण फाटक एकदा तुझ्या हाताने वाजू दे.

तुझी,
खोटं बोलून बसलेली
मधली