अठराव्या होलवरची स्मशानवाट

मी, राजलक्ष्मी मोहनराव रणवरे, वय ६६, राहणार भिगवणजवळ, ता. इंदापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहिते. शरीर खंगले आहे, शुद्ध पूर्ण आहे. डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत.

१. बारामतीचे घर, ठेवी व दागिने मुलगा ऋषिराज याला, विनाअट.

२. गोल्फचे मैदान माझ्या एकटीच्या नावे आहे. माझ्या पतींनी ते आखताना एकही झाड पाडले नाही. चिंच आडवी आली की हिरवळीलाच वळण दिले; म्हणून तिथे जोरापेक्षा संयम जिंकतो. परगावचे खेळाडू आधी चिडतात, मग पुन्हा येतात. गावाची स्मशानवाट अठराव्या होलवरून जाते. तीही त्यांनी तशीच ठेवली. तिरडी आली की खेळ थांबायचा, टोप्या उतरायच्या. पाचगणीला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला हेच शिकवीत. ते ऐकून हे हसून म्हणाले होते, "म्हणजे तुमची सिस्टर आमच्याच गावची की!"

३. मोठ्या स्पर्धेसाठी ऋषिराजने त्या वाटेवर भिंत घातली. तिथले गवत जन्मभर राखणाऱ्या गेणबाची तिरडी गेल्या श्रावणात भिंतीशी अडली आणि उसातून, चिखल तुडवीत, वळसा घालून गेली. मी जाब विचारला, तर ऋषिराज म्हणाला, "टीव्हीवर तिरडी दाखवायची का, आई?" गेणबाची बायको शकुबाई ओरडली नाही. म्हणाली, "बाईसाब, त्येंनी ह्या गवताला पोरावानी जपलं. शेवटाला त्याच गवतावरनं जाऊ दिलं न्हाय व्हय?"

४. शकुबाई राहते ती माझ्या मालकीची खोली तिच्या नावे करावी. ही भरपाई नव्हे. भिंतीला 'पाहुण्यांची सोय' म्हणणाऱ्या मॅनेजरला माझ्या तेराव्याचे पान वाढू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. अंजुम तांबोळी यांनी करावी. मी गेल्याबरोबर, प्रेत उचलण्याआधी, त्यांनी हे ऋषिराजला वाचून दाखवावे. माझी तिरडी त्याच वाटेने जाईल. त्याने भिंत पाडून वाट गावाला कायमची मोकळी केली, तर मैदान त्याचे. नाहीतर ते गावाच्या विश्वस्त मंडळाचे. त्याचा निर्णय होईपर्यंत मला उचलू नये.

ऋषी, उन्हाळ्यात प्रेत फार थांबत नाही. घाई कर, बाळा.

(सही) राजलक्ष्मी मोहनराव रणवरे

बाईंनी सगळे वाचून, शुद्धीत, आमच्यादेखत सही केली. मग आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. नूरजहाँ अय्युब मुलाणी, भिगवण
२. सोनबा कृष्णा वाघ, भिगवण

भिगवण, १४ मार्च २०२५