त्रेसष्टच्या बोअरबाबत खुलासा

लिहून ठेवणार : जयसिंग कोंडिबा शेडगे, वय ७१, धंदा पूर्वी शेती, आता खोल्या भाड्याने देणे, रा. नेरे, ता. मुळशी, जि. पुणे.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. "आधी कागद करा, मग स्कूटरला कीट बसवा. खिंडीत काय झालं तर पोरं भांडतील," असे पत्नीने बजावले आहे, पण त्याला जबरदस्ती म्हणता येत नाही असे वकिलांचे मत पडले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी खात्रीसाठी आजची तारीख विचारली तेव्हा माझ्या तोंडून "त्रेसष्ट" निघून गेले. त्याचा उलगडा कलम तीनमध्ये होईल. दाखला मात्र त्यांनी दिला.

कलम १. राहते घर, मागच्या बारा खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्यामागे पत्नी सौ. गोजराबाई हिची. तिच्या पश्चात मुलगा किशोर आणि मुलगी सायली यांनी सारखे वाटून घ्यावे. यात भांडण्यासारखे काही नाही. भांडणाचा विषय पुढे आहे.

कलम २. माझी दीडशे सीसीची स्कूटर. ही मी लग्नाच्या वर्षी, १९८० साली घेतली. गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी जाते, पण चढावर दोघांना ओढत नाही. सौ.चे माहेर मुठ्याला. दर दिवाळीला, दर लग्नाला आम्ही निघायचो, आणि मुठ्याच्या खिंडीखाली आले की इंजिन गुरगुरायचे आणि ती उतरायची. मी गाडी वर न्यायचो, ती पायी यायची. गेली चव्वेचाळीस वर्षे हे चालले आहे. माझे मेहुणे सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणतात, "आले बघा, दाजी गाडीवर आन् आमची ताई पायी." या वाक्याला दरवेळी हसू येते, ते मला सोडून सगळ्यांना. तिला एकदा तरी खिंडीच्या माथ्यावर बसल्याजागी पोचवायचे, ही माझी शेवटची इच्छा आहे. त्यासाठी जास्त ताकदीचे सिलिंडर कीट हवे. कीट म्हणजे मोठ्या भोकाचा सिलिंडर आणि त्यात बसेल असा मोठा पिस्टन.

कलम ३. या कागदात जिथे जिथे 'बोअर' हा शब्द येईल तिथे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास समजावा, पाण्याचा बोअर समजू नये. हा खुलासा करणे भाग पडले आहे. गेल्या मार्गशीर्षात मी फ्रिजवर चिठ्ठी लावली होती : 'बोअर ६३ करायचा.' आहे तो ५७.८ मिलिमीटर, तो ६३ करायचा, इतके साधे होते. किशोरला वाटले सहाशे तीस फूट, आणि अण्णा, म्हणजे मी, शून्य लिहायला विसरलो. माझा शब्द त्याने जन्मात एकदा पाळला, तो नेमका हा. मी घोटावड्याहून परत आलो तर परसात बोअरचा ट्रक उभा, आणि खडकाची पांढरी भुकटी बारा खोल्यांच्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. आयटीतली पोरे दुसऱ्या दिवशी गिरणीतून आल्यासारखी ऑफिसला गेली. पाणी लागले नाही. मी ओरडलो तर किशोर मलाच म्हणाला, "शून्य तुमी खाल्लं, त्याला मी काय करू?"

वकिलांच्या पहिल्या मसुद्यातही 'मौजे नेरे येथील बोअर, विद्युत मोटारीसह, दोन्ही अपत्यांस समान' असे आले होते. ते रद्द समजावे. बोअर स्थावर मिळकतीत घालायचा की जंगम, असे त्यांनी विचारले. गाडी चौदा महिने उघडून पडली आहे, जागची हललेली नाही, त्यामुळे मलाही ठाम सांगता आले नाही.

कलम ४. चौदा महिने लागले, कारण कीट दोन प्रकारची मिळतात. एक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. दुसरे ॲल्युमिनियमचे.

पौडला लेथ चालवणारा बहिरू मिस्त्री बिडाच्या बाजूचा. त्याचे म्हणणे, "अण्णा, बीड म्हंजे बीड. झिजलं तर मी हाय ना, परत बोअर वाढवून देतो. त्या दुसऱ्याचा आतला थर एकदा खरवडला की भंगारात घाला."

खोली क्रमांक सातमधला अमोघ, मूळचा लातूरचा, हिंजवडीत नोकरीला, तो ॲल्युमिनियमच्या बाजूचा. त्याचे म्हणणे, "काका, चढावर हीट महत्त्वाची. ॲल्युमिनियम लगेच थंड होतं, आतून निकेलचं कोटिंग असतं. बिडाचं खिंडीत तापलं आणि पिस्टन जाम झाला तर? मी पूर्ण शीट बनवलीये." त्या शीटमध्ये एकतीस रकाने आहेत.

दोघांचेही मला पटते. सकाळी चहाला मी बिडाचा असतो, संध्याकाळी ॲल्युमिनियमचा. दोघे माझ्या ओट्यावर बसून एकमेकांशी न बोलता माझ्यामार्फत भांडतात, आणि चहा मात्र एकाच किटलीतला पितात. या दोघांना मिळकतीतले काही देत नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असा वकिलांचा सल्ला आहे, आणि तो मला सोयीचा वाटला.

कलम ५. पाने, पकडी, फ्लायव्हील काढायचा पुलर आणि तेलाचे माप ही सर्व हत्यारे सायलीला. प्लगचा काळा रंग बघून इंजिनाचे काय दुखते ते तिला कळते. किशोरला प्लग कुठे असतो तेही माहीत नाही, तो अजून परसातल्या भोकावर झाकण शोधतो आहे. मेहुण्यांना काहीही नाही.

कलम ६. निवड होण्याआधी मी गेलो, तर कोणते कीट बसवायचे यावर किशोर आणि सायलीचे एकमत होईपर्यंत घराची वाटणी होऊ नये, असे मी इथे लिहिले होते. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणाले. पण ती कोर्टाच्या आधी घरातच पडली, ती अशी.

काल हा कागद ओट्यावर सर्वांना वाचून दाखवला. कलम दोन वाचून झाले. सौ. तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आवं, चालायचा राग कुणाला हाय? तितं करवंदं खाल्ली, वारा खाल्ला. घरात कवा मला एवढं एकटं सोडलंय तुमी?"

मी विचारले, मग चव्वेचाळीस वर्षे माथ्यावर तोंड फुगवून यायचीस ते कशाला?

"तुमी वर उभं राहून घड्याळ बघायचा. मी वळणावर दिसले की मनगट वर. जनू मी यष्टी हाय आन् मला लेट झालाय. त्याचा राग हाय. लई राग हाय."

मला फार वाईट वाटले, ते इथे स्पष्ट लिहितो. सिलिंडरचे दोष मी चौदा महिने शोधले, हा दोष माझ्या ध्यानीमनी नव्हता. तिचे खरे आहे, मी घड्याळ बघायचो.

मग तिने बहिरूला विचारले, "बिडाचं परत परत नीट करता येतं?" तो म्हणाला, "व्हय वहिनी." "मग त्येच बसवा. आन् आता माझं गुडघं दुखत्यात, तवा गाडी मी चालवनार. सायलीची स्कूटी येतीच मला, गेर ती शिकवंल." अमोघने शीट बंद केली आणि टाळ्या वाजवल्या.

कलम ७. वरील सर्व विचारात घेऊन, स्कूटर आणि त्रेसष्टचे बिडाचे कीट मी माझ्या हयातीतच, आज रोजी, सौ. गोजराबाई हिच्या मालकीचे करतो. मनगटी घड्याळही तिला. खिंडीखाली आल्यावर मी उतरेन आणि पायी चढेन. माथ्यावर थांबून तिने घड्याळ कितीही वेळा पाहिले तरी माझी किंवा माझ्या वारसांची हरकत राहणार नाही.

कलम ८. खिंडीत माझे काही बरेवाईट झाल्यास मी त्या वेळी पायी होतो याची नोंद घ्यावी. इंजिनाला दोष देऊ नये.

हा कागद मी वाचून, ऐकून आणि ऐकवून घेऊन त्यावर सही केली.

सही : जयसिंग कोंडिबा शेडगे

साक्षीदार :
१. बहिरू मिस्त्री, रा. पौड
२. अमोघ, खोली क्र. ७ (फक्त सहीपुरता साक्षीदार, बिडाला संमती नाही)

ठिकाण : नेरे, ता. मुळशी
दिनांक : ९ जानेवारी २०२५