वॉडम्सांच्या हद्दीवरची झाडं

४ एप्रिल १९५०
पोचले एकदाची! चिखलात मोटार रुतते म्हणून लेम्युएल वॉडम्स ट्रॅक्टर घेऊनच बसपाशी आले होते. माझी ट्रंक उचलताना म्हणाले, शिकलेल्या बायका दगड घेऊन हिंडतात हे ठाऊक नव्हतं! त्यांच्या बायकोनं, डॉर्कसकाकूंनी, घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी आणि वर मेपलचा पाक असं भरभरून वाढलं. दीडशे वर्षं वॉडम्स याच टेकडीवर शेती करताहेत. मूलबाळ नाही, तेव्हा निदान घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा, म्हणून पत्र पाठवून मला बोलावलं. काकूंनी विचारलं, घरी कोण कोण आहे? आई गेल्यापासून कुणीच नाही, म्हटलं. तर म्हणाल्या, मग हेच घर समज, विनी.

६ एप्रिल
गावची दप्तरं अल्थिया पाइक सांभाळतात, त्यांच्या बैठकीच्या खोलीतच. दिवसभर जमिनींची जुनी खरेदीखतं वाचली. इकडच्या चतुःसीमा झाडावरून झाडावर जातात, पण वॉडम्सांच्या झाडांना नावं आहेत! ‘हॅनाच्या बीचपासून दगडी बांधानं लिडियाच्या ॲशपर्यंत...’ बीच, ॲश ही झाडंच, पण नावं किती गोड! या बायका कोण, असं लेम्युएलकाकांना विचारलं. घरातल्याच म्हण, असं म्हणून ते हसले.

८ एप्रिल
राजधानीहून उतरवून आणलेल्या खानेसुमारीच्या नकला आज खतांशी ताडून पाहिल्या. १८५० साली वॉडम्सांच्या घरी हॅना फिस्क, वय चोवीस, शिक्षिका, राहायला असलेली. नात्यातली नाही. पुढच्या खानेसुमारीत ती नाही. मधल्या एका खतात मात्र ‘हॅनाचा बीच’ पहिल्यांदा येतो. १८६० साली लिडिया गूल्ड, शिवणकाम करणारी. तिचंही तसंच. १८७० साली रोक्साना.
त्यांच्या लग्नांची नोंद नाही. मृत्यूचीही नाही. स्मशानात फक्त वॉडम्स.
अल्थियाबाईंना दाखवलं. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, आता बंद करायची वेळ झाली. बाहेर लख्ख दुपार होती.

१० एप्रिल
यंदाच्या खानेसुमारीचा माणूस आला. माझ्याबद्दल विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत काकूच बोलल्या: राहायला आलेली, एकटी, नात्यातली नाही.


११ एप्रिल
झाडं बघायला गेले होते. उत्तरेच्या कोपऱ्यावरचं हिवाळ्यातल्या वादळात मुळासकट उन्मळून पडलंय. मुळांत एक बूट अडकलाय. बायकी, बटणांचा. मला वाटलं रिकामा असेल. रिकामा नव्हता.
शेजारी खड्डा. नवा, चारी कडा नीट तासलेल्या.
मागून काका आले. दोन्ही हातांत रोपं. काही घडलंच नाही अशा आवाजात विचारलं: मेपल आवडेल की ओक? आम्ही प्रत्येकीला विचारतो. जबरदस्ती करत नाही.
मी पळाले, थेट खोलीत. सकाळच्या बसनं जाणार. ते मागे आलेसुद्धा नाहीत.

१२ एप्रिल
माझे बूट नाहीत. काकू म्हणतात, ओले होते, वाळत घातलेत. कुठे, ते सांगत नाहीत. बस चिखलामुळे बंद, असं म्हणतात.
खिडकीतून तो दगडी बांध दिसतो. काल धान्याच्या कोठाराच्या पलीकडे होता. आज अलीकडे आहे. मला नीट आठवतंय —

१३ एप्रिल
अनवाणी पळाले. शेजारच्या बॅचेल्डरांच्या घरी. त्यांनी घोंगडी दिली, कॉफी दिली. सगळं सांगितलं. बूट, खड्डा, हॅना, लिडिया. मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, कोपऱ्यावर कुणी उभं नसलं की जमीन सरकते, पोरी. माझी विहीर बघ, लेमच्या कुरणात गेलीय. दोन्ही घरांना झोप नाही.
त्यांनी टेलिफोन उचलला. मला वाटलं, शेरीफना. म्हणाले: लेम, आहे इथे. सावकाश ये, दमलीय बिचारी.
मी कोठीच्या खोलीत शिरले. आतून फळी लावलीय. वही परकराच्या खिशात होती म्हणून —
ट्रॅक्टर आला.

काकू दाराशी आहेत. ओरडत नाहीत. ऐन दुपार, बाहेर कोंबड्या कुरकुरताहेत, आणि त्या मला समजावताहेत. हॅनाही अशीच रडली होती म्हणे, आता बघ कशी डवरलीय. मेपल घे, पानं लाल होतात, तुझ्या रंगाला —
पायांखालची जमीन हलतेय. फरशीच्या फटीतून माती वर — मऊ, गार. पाय उचलवत नाहीत. घोट्यापर्यंत —
बॅचेल्डर फळी कापताहेत.
काका पुन्हा विचारताहेत. मेपल की ओक?
मी ओक म्हणाले. का म्हणाले? मला बोलायचं नव्हतं, माझ्या तोंडून आपोआप —