शर्टाची काजं

३ फेब्रुवारी २०२५

आज पुन्हा त्याच ग्रुपवर गेले. फोटोतल्या रॉकवाल्याच्या हातात गिटार कोणती, एवढंच तिथं चालतं. एक जुना फोटो होता. वाजवणारा डावखुरा दिसत होता, म्हणून सगळे डावखुऱ्या गिटारींची नावं सांगत सुटलेले. ‘सहा तारा’ नावाच्या कुणीतरी एकच ओळ लिहिली — फोटो उलटा छापलाय, शर्टाची काजं बघा, बायकांच्या शर्टासारखी उजवीकडं आलीत.

काजं! गिटारवाले कुठं शर्ट बघतात? आमचा इंद्रजीत बघायचा. शिंपिणीचा मुलगा. गुलमंडीच्या फुटपाथवरून पोस्टरं आणायचा, आधी काज-बटण कुठल्या बाजूला ते बघायचा आणि मग गिटारच्या डोक्यावरच्या खुंट्या. सहा एका ओळीत — स्ट्रॅटोकास्टर असेल. तीन-तीन — लेस पॉल असेल. मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

माझा धाकटा भाऊ. घर सोडून सहा वर्षं झाली.

४ फेब्रुवारी

कंपनीत दिवसभर चुकाच.

६ फेब्रुवारी

इथं तरी लिहून टाकते. इंद्रजीत इंजिनिअरिंगच्या पेपरला बसलाच नाही, गिटार घेऊन फिरतो, हे आईला मीच सांगितलं. आई म्हणाली, “तारा छेडून पोट भरत नाय. जा, तुझं तू बघ.” तो खरंच गेला. फोन बंद, तो आजतागायत.

दोन वर्षांपूर्वी लासूर स्टेशनजवळ रुळांवर एक जण मेलेला सापडला, पोलिसांनी आम्हाला बोलावलं. ओळख पटवायला जायचं आईला धाडस झालं नाही, मी गेले. पोलीस म्हणाला, “ताई, नीट बघा, घाई नका करू.” मी नीट बघितलंच नाही. आमचा नाही, असं म्हणून सही केली आणि बाहेर आले. आईलाही तेच सांगितलं. तेव्हापासून रोज तो चेहरा आठवून नीट बघायचा प्रयत्न करते.

९ फेब्रुवारी

‘सहा तारा’ इंद्रजीतच असेल, तर माझं नाव दिसताच गायब होईल. म्हणून खोट्या नावानं खातं काढलं, फोटोबिटो काही नाही. ‘सहा तारा’ला विचारलं — जेवण वेळेवर होतं ना?

थोड्या वेळानं उत्तर — होतं. तुझं?

आई मशीनवर बसलेली, मोबाईल मांडीवर. सुट्टीच्या दिवशीही ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघत असते. मला म्हणाली, “तनू, तोंड का गं असं उतरलंय?” म्हटलं, डोकं दुखतंय.

११ फेब्रुवारी

खात्री करायची होती. कंपनीतून विचारलं — आईचा कुठला गुडघा दुखतो?

लगेच उत्तर — डावा.

डावाच! पायमशीन मारून मारून गेलाय तो. बाहेरच्याला हे कसं ठाऊक असणार? बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन रडले. तो आहे. लासूरचा तो नव्हता. माझी सही खोटी नव्हती.

१२ फेब्रुवारी

लिहिलं — चूक माझी होती.

उत्तर — नाही, माझी.

आईला सांगावं का? पक्कं झाल्याशिवाय नको. पुन्हा मोडली तर ती उठायची नाही.

१४ फेब्रुवारी

घरी आले तर आईनं टेबलावर निळं कापड पसरलेलं. ब्लाउजचं नाही, शर्टाचं. मला हाताला धरून बसवलं.

“इंद्या सापडला, तनू. त्याच्या त्या गिटारवाल्यांच्या ग्रुपात मी लिहीत व्हते. काजं बघायचं मीच शिकवलं व्हतं त्याला. म्हटलं, कधी तरी वाचंल, माय हाय म्हणून ओळखंल. अन् ओळखलं बघ! आईचा कुठला गुडघा दुखतो, इचारतोय मला. चूक माझी, म्हणतोय. लई गुणाचं लेकरू.”

तिनं मोबाईल उचलला, एकेक अक्षर शोधत लिहिलं — छाती किती झाली आता? शर्ट शिवते.

माझ्या पर्समध्ये मोबाईल वाजला.

१५ फेब्रुवारी

आईनं अजून कापडाला कात्री लावलेली नाही. सकाळपासून वाट बघतेय.

छाती चाळीस, असं लिहून पाठवलं.