कूस न बदलणारा

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपारी तीन

प्रिय वहिनी,

नमस्कार. हात सवयीनं वर 'सौ.' लिहून गेला, म्हणून कागद बदलला. हा तिसरा कागद आहे.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आईचा गुडघा आता दुखत नाही, छकुली शाळेत रडत नाही, सगळं वाचून बरं वाटलं. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही आधी "भावजी, जेवलात का?" विचारता आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं. तेव्हा पत्रच बरं.

दवाखानावाल्यांनी तुम्हाला नोकरीसाठी पुन्हा विचारलंय आणि पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय, हे वाचलं. तुम्ही नको म्हणणार आहात, हेही वाचलं. कारण तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, "त्या नोकरीच्या भांडणानंच त्यांना त्या रात्री झोपू दिलं नाही." ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. त्याबद्दल लिहितो, पण जरा थांबा.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. झोप होते का? आमच्या कारखान्यात आम्ही पाच पोरं आणि एक म्हातारा उस्ताद. दिवसभर लोकांच्या गाद्या भरायच्या आणि स्वतःच्या झोपेचं खोबरं करायचं, अशी आमची तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सकाळी आल्या आल्या कोण किती कमी झोपला याची चढाओढ. "मी तीनला." "मी तर साडेचारला!" साडेचारवाला त्या दिवसाचा राजा, आणि दुपारी दाभण हमखास त्याच्याच बोटात घुसते. उस्ताद ओरडतो, "लेकांनो, रात्र काय तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलीय? झोपा की जरा!" मी त्यांच्यातला जुना राजा. दादा मला उगाच घुबड म्हणत नसे.

उस्तादबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नसेल. जुनी गादी दुरुस्तीला आली की तो खोळ उसवायच्या आधी तिच्यावरून हात फिरवतो. कापूस कुठं दबलाय, कुठं गोळा झालाय, यावरून झोपणारा माणूस कसा आहे ते सांगतो. मागे एका बाईंना म्हणाला, "साहेब मधोमध झोपतात आणि तुम्ही काठावर. एक दिवस पडाल." त्या बाई म्हणाल्या, "दोनदा पडलेय." चाळीस वर्षं हेच केलंय त्यानं. त्याचा हात चुकत नाही.

आता हे नीट वाचा. जुलैपासून मी माझ्या खाटेवर झोपलेलो नाही. खिडकीपाशी खुर्ची आहे, तिच्यात बसतो. फोन बघतो, डुलक्या घेतो, उजाडलं की तोंड धुऊन कामाला जातो. चादर मी संध्याकाळीच झटकून ताणून ठेवतो. खोलीत मी एकटा. दाराला आतून कडी.

दिवाणखान्यातल्या गप्पांसारखं सांगतोय, पण पहिल्यांदा चादर विस्कटलेली दिसली तेव्हा मी जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो होतो. मग मीच मनाची समजूत घातली की झोपेत उठून मीच लवंडत असेन. डिसेंबरात गादीला मध्ये चांगला खळगा पडला. म्हटलं जुनी झाली. खांद्यावर टाकली आणि कारखान्यात नेली.

उस्तादनं हात फिरवला. "कुणाची रे?"

"माझीच."

"चल. तू भरलास तर पंचावन्न किलो. हा ऐंशीच्या पुढचा आहे." पुन्हा हात फिरवला. "उजव्या कुशीवर. एक गुडघा पोटाशी. डावा हात खाली लोंबता. आणि झोप म्हणशील तर गाढ. एकदा आडवा झाला की हा माणूस कूस बदलत नाही."

वहिनी, दादा कसा झोपायचा ते मी तुम्हाला काय सांगणार.

माझ्या हातातली दाभण खाली पडली.  नवा कापूस घालून उस्तादनं गादी स्वतः शिवून दिली, दगडासारखी घट्ट. पाचव्या दिवशी खळगा परत तिथंच. गुडघ्याचा वेगळा, बारका.

आता ज्यासाठी हे तीन कागद घातले, ते लिहितो.

दादा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. तुमच्या वडिलांनी मला विचारलं, "रात्री तुझ्याकडे होते ना? झोप झाली होती का त्यांची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कुठं झोपला! कसल्या तरी काळजीत होता. रात्रभर कूस बदलत होता." मग सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुमचं भांडण झालं होतं आणि तो न जेवता निघाला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मीही तुमच्याकडेच बघितलं, वहिनी. ते मला अजून दिसतं.

ते खोटं होतं. त्या रात्री तो खाटेला टेकलाच नाही.

तो नऊला आला. गाडीत माल भरून झाला होता, पहाटे पाचला निघायचं होतं. माझ्याच फोनवर त्यानं पाचचा अलार्म लावला आणि म्हणाला, "घुबडा, दिवा घालव आता." मी मोठ्या पडद्यावर मोटारींची शर्यत खेळत होतो. म्हणालो, "म्हातारा झालास का रे? ये, एक डाव." तो नको नको म्हणत होता. मी त्याला हाताला धरून ओढलं. मग तुम्हाला माहीत आहे तो कसा होता, हरला की परत. एकाचे दोन झाले, दोनाचे वीस. पावणेचारला जिंकला तेव्हा इतका हसला की शेजाऱ्यानं भिंत ठोकली. नंतर आम्ही चहा केला. पाचला अलार्म वाजला, त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि गेला. सात वाजता, सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना गाडी रस्ता सोडून खाली गेली. त्याला मी जागवलं. तुम्ही नाही, तुमच्या नोकरीनं नाही, मी.

खरं सांगायला माझं तोंड तेव्हा उघडलं नाही. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. उद्याचे सात महिने झाले.

पाचचा अलार्म मी अजून काढला नव्हता. रोज पहाटे तो वाजायचा आणि माझ्या मागे खाट करकरायची, माणूस पाय खाली सोडतो तशी. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. तुमचं पत्र आलं त्या रात्री मला वाटलं, निदान त्याला झोपू तरी द्यावं. अलार्म बंद केला. तेव्हापासून खाट करकरली नाही.

पण तो उठलाही नाही. आज पाचवा दिवस. भरदुपारी हे लिहितोय आणि गादीचा खळगा वर आलेला नाही, चादरीवर हात ठेवला तर ऊब लागते. त्याच्या नाकातून येणारी ती बारीक शिट्टी, जिच्यावरून तुम्ही त्याला चिडवायचात, तीही ऐकू येते. छकुली "बाबा काकाकडे झोपलेत" म्हणते आणि तुम्ही सगळे हसून सोडून देता, असं लिहिलंत. तिला हसू नका. आणि तिला इकडे आणूही नका.

आधी मला वाटायचं, त्या रात्रीची त्याची झोप राहिली, ती तो पुरी करतोय. पण एका रात्रीची झोप ती किती असते? ती पुरी व्हायला सात महिने लागत नाहीत. तो झोपेसाठी येत नाही. त्यानं माझ्याजवळ एक निरोप ठेवलाय आणि मी तो पोचवला नाही, म्हणून तो इथून हलत नाही. तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात की त्या रात्री फोन उशाशी घेऊन तुम्ही जाग्याच होतात. त्यानंतर तर मला हे सांगायचा धीरच झाला नाही.

पावणेचारला, हसणं थांबल्यावर, त्यानं फोन हातात घेतला होता. तुमचं नाव काढलं, जरा वेळ बघत बसला आणि फोन परत खिशात ठेवला. म्हणाला, "तिचंच बरोबर आहे रे. घे म्हणतो ती नोकरी. छकुलीला मी सकाळी सोडत जाईन शाळेत. आत्ता झोपली असेल, कशाला उठवू? सकाळी करतो फोन."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. एकही माझा नाही.

एवढं लिहून झालं आणि मागे खाट करकरली. मी वळून बघितलं नाही. शिट्टी थांबलीय.

पत्र आजच पेटीत टाकतो. पंधराच्या आत मिळेल. नोकरीला हो म्हणा. तुमच्या वडिलांना, आईला, त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना हे वाचून दाखवा. त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी भांडायला येणार नाही.

आणि हे वाचाल त्या रात्री दिवा लवकर घालवा वहिनी. तो तुमच्यावर रागावून गेला नव्हता. तुमची झोपमोड होऊ नये म्हणून त्यानं फोन केला नाही, एवढंच.

तुम्ही परत म्हणाल तेव्हा तुमचा भावजी,
तोवर नुसता
घुबड