मुन्नाचं दुसरं कडवं

१८ नोव्हेंबर २००८
आजही वाया! माझं ओरडणं सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तर बाहेर नुसती फरफर. हेवी मेटल गाण्यातल्या डरकाळीला सूर नसतो, आणि सूरच नाही तर ते यंत्र पकडणार काय, कप्पाळ? आणि आम्हाला तर गाण्याच्या मधोमध रोबोट हवाय – डरकाळी थांबते आणि लोखंडाचा माणूस गायला लागतो, असा. ऐकणार कोण, ते विचारू नये. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात हे संगीत आवडणारे आम्ही दोघंच, मी आणि मुन्ना. खेमराज गिटार वाजवतो, पण तो आमच्यावर उपकार म्हणून.

२१ नोव्हेंबर
मुन्ना केशोरीहून आला. गावच्या मंडईच्या जत्रेत दंडारीतली, म्हणजे लोकनाट्यातली, गाणी गाऊन घसा बसलेला, तरी गायला. लहानपणापासून बिनमाइकचा गात आलाय, त्यामुळे हा पठ्ठ्या सूर ताणतो आणि एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो. यंत्रानं ती घसरणच कापली – आणि तिच्या पायऱ्या झाल्या! टक्, टक्, टक्! अस्सल रोबोट! मुन्ना हसून हसून गादीवर लोळला. "अबे तिलक्या, मले तं पुरा रोडरोलर करून टाकलं बे तू!"
पहिलं कडवं झालं आणि लोडशेडिंग. दुसरं पुढच्या खेपेला.
खूप दिवसांनी बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर
दुकानात ईश्वरदासची कटकट. मी त्याच्याकडे लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर आमचं गाणं ठेवतो, हे त्याला आजच दिसलं. "ये कचरा हटा यार, शादी का सीजन है." डिस्क गच्च भरलेली. मुन्नाचा मूळ आवाज पुसून टाकला, रोबोटवाला तेवढा ठेवला. मूळ घेऊन करायचं काय? लागला तर मुन्ना पुन्हा गाईल.

२९ नोव्हेंबर
मुन्ना गेला. कोहमाऱ्याच्या चौकात. ट्रक.
गोंदियालाच येत होता. गायला.

२ डिसेंबर
काही नाही.

११ डिसेंबर
केशोरीला तेरवी. पंगतीत बसलो. मुन्नाची आई, सुमित्राबाई, स्वतः वाढत होती. पत्रावळीपाशी थांबली. "बाबू, तुह्यापाशी त्याचा आवाज हाय म्हनते. मले आयकव ना एकडाव."
हो म्हणालो. आणि काय म्हणणार होतो? पुसला म्हणून सांगू? तिथे, त्या पंगतीत?

१५ डिसेंबर
यंत्राचे सगळे आकडे उलटे फिरवून पाहिले. पायऱ्या एकदा झाल्या की झाल्या. घसरण परत येत नाही. आत कुठेच मुन्ना नाही. खेमराजला सांगितलं तर म्हणाला, "पापडाचा आता उडीद होते का बे?"
बरोबर आहे त्याचं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

१९ डिसेंबर
केशोरीच्या एकाच्या मोबाइलवर मंडईची दंडार सापडली. धावत गेलो. नुसती ढोलकी आणि शिट्ट्या. मुन्ना तोंड हलवताना दिसतो, बस.

२३ डिसेंबर
सुमित्राबाईचा निरोप – रविवारी येते.
एवढ्या लांबून यायची आणि ऐकायचं काय, तर एक कडवं. तेही लोखंडी. राहवेना. दुसरं कडवं मीच गायलो. डरकाळी नाही – मुन्नासारखं, ताणून, घसरत. तो गाताना मान कशी मागे टाकायचा ते आठवून तशीच मागे टाकत गेलो. शेवटच्या ओळीला रडू फुटलं, तसंच राहू दिलं. मग यंत्रात घातलं आणि त्याच्या कडव्याला जोडलं. आता दोघंही रोबोट.
तिला आधीच सांगून टाकीन – पहिलं त्याचं, दुसरं माझं. फसवायचं नाही.

२८ डिसेंबर
आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पह्यले आयकव, मंग बोल."
पहिलं कडवं पूर्ण ऐकलं. डोळ्यांत काहीच नाही. "हे काय मशीन लावलं रे बाबू?"
दुसरं लागलं आणि तिनं स्पीकरवर हात ठेवला. "हा आला! हा माहा पोरगा!" पुन्हा लावायला लावलं. पुन्हा. मला सांगायचं होतं. तिचा हात स्पीकरवरून निघेचना.
जाताना म्हणाली, "हे ठेव जपून. ते पह्यलं पुसून टाक. कोन होय तो, कोन जाने."